फ्लॅटलँड बीएमएक्सची सुरुवात: तयारी, ट्रिकांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रॅम्प नाही, कठडे नाहीत, फक्त सपाट जमीन आणि वीस इंची चाकांची बीएमएक्स सायकल, असा हा फ्लॅटलँडचा, म्हणजे सायकलवर तोल साधत ट्रिका करण्याचा खेळ. तो शिकताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. व्हिडिओत कोणीतरी पुढच्या चाकावर उभे राहून अलगद तरंगत जाताना दिसते. पाहणारा दुसऱ्या दिवशी थेट तेच करायला जातो, नडगीवर पेडल आपटून घेतो, पुढचे काही महिने त्याच एका ट्रिकमागे घालवतो आणि शेवटी सायकल भिंतीला टेकवून ठेवतो. अशा माणसात धाडस कमी नसते, त्याचा क्रम चुकलेला असतो. ट्रिक बिघडली तर सायकलवरून कसे उतरायचे हे शरीराला ठाऊक नसते, म्हणून ते मधल्या क्षणी आखडते आणि आखडलेल्या शरीराला तोल साधता येत नाही.

म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यात आधी उतरणे आणि मग ट्रिक असा क्रम ठेवला आहे. नव्याने शिकणाऱ्यांनी तो जसाच्या तसा पाळावा. बऱ्याच वर्षांनी पुन्हा सायकल हाती घेणाऱ्यांनीही तो पाळावा, मात्र त्यांच्या अडचणी थोड्या वेगळ्या असल्याने त्यांच्यासाठी मध्ये एक स्वतंत्र भाग दिला आहे.

## टप्पा १: सायकल हातात घेऊन तपासणे

फ्लॅटलँडसाठी खास बनवलेली सायकल असलीच पाहिजे असे नाही. रस्त्यावर किंवा पार्कमध्ये चालवायची साधी बीएमएक्सही पहिल्या काही महिन्यांना पुरते. फरक कुठे आहे तेवढे माहीत असावे. फ्लॅटलँडच्या सायकलीची वरची दांडी आखूड असते, साधारण साडेअठरा ते वीस इंच, त्यामुळे हँडलबारभोवती फिरताना फ्रेम पायात येत नाही. तिच्या पुढच्या चिमट्याला (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कला) ऑफसेट जवळजवळ नसतो, म्हणजे चाकाचा आस हँडल वळण्याच्या रेषेतच येतो आणि हँडल उलटे फिरवले तरी चाक सारखेच वागते. साध्या बीएमएक्सच्या चिमट्यात हा आस काही सेंटिमीटर पुढे असतो. पहिल्या चार-पाच ट्रिकांना त्याने फारसे बिघडत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच चिमटा बदलण्यावर पैसे घालवू नयेत.

पेगची, म्हणजे चाकाच्या आसाच्या टोकांना बसवायच्या, पाय ठेवण्यासाठीच्या नळ्यांची गोष्ट वेगळी आहे. चार पेग हवेत, निदान मागचे दोन आणि पुढचा एक तरी हवा. पृष्ठभाग खरबरीत असलेले ॲल्युमिनियमचे पेग घ्यावेत. रस्त्यावरच्या ट्रिकांसाठी बनवलेले गुळगुळीत पेग कठड्यावर घसरण्यासाठीच असतात, त्यामुळे त्यांच्यावर पाय टिकत नाही. पेग आसाच्या नटखाली बसतो आणि तो नट पेगच्या पोकळीत खोल असतो, म्हणून साधा पाना तिथे पोहोचत नाही. चौदा मिलिमीटरच्या आसाला १७ नंबरचा आणि तीन-अष्टमांश इंचाच्या आसाला १५ नंबरचा लांब सॉकेट लागतो. हा सॉकेट सरावाला जाताना पिशवीत असावाच, कारण नवीन बसवलेले पेग पहिल्या तासाभरातच थोडे सैल होतात.

ब्रेकबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आज अनुभवी खेळाडूंपैकी बरेच जण बिनब्रेकचे खेळतात, पण शिकताना पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक ठेवावेत. बिनब्रेकचा खेळ पायाने टायर दाबून चालतो आणि ते कौशल्य यायला वेळ लागतो. तोल कुठे असतो हे आधी ब्रेकने समजून घेतले की पाय पुढे आपोआप शिकतो. ब्रेकचा लिव्हर एका बोटाने पूर्ण दाबता यावा आणि बाकीची बोटे ग्रिपवर राहावीत असा लावावा. हँडल गोल फिरवताना मागच्या ब्रेकची केबल गुंडाळली जाऊ नये म्हणून जायरो नावाचा भाग लावतात. या लेखातल्या ट्रिकांना त्याची गरज नाही.

मागच्या हबविषयीही (चाकाच्या मध्यभागाविषयी) माहिती हवी. साध्या कॅसेट हबवर सायकल मागे सरकली की पेडलही उलटे फिरतात. फ्रीकोस्टर हबवर सायकल मागे गेली तरी पेडल स्थिर राहतात, मात्र पुन्हा पुढे पेडल मारताना सुरुवातीला पेडल थोडे पोकळ फिरते. ही पोकळी ठाऊक नसलेला माणूस पहिल्याच दिवशी जोरात पेडल मारून पुढे झुकतो. उसनी सायकल असेल तर आधी दहा मिनिटे नुसती चालवून पाहावी.

टायरमध्ये हवा कडक हवी. टायरच्या बाजूवर कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या आत राहून शक्य तितकी वरची मर्यादा गाठावी. फ्लॅटलँडचे टायर साधारण ८० ते १०० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबावर चालवतात. मऊ टायरवर एका चाकावर उभे राहणे म्हणजे गादीवर एका पायावर उभे राहण्यासारखे आहे.

तपासणी: पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या बुडाशी खट असा आवाज आला तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते तो फ्रेममधला भाग, सैल आहे. मग पुढचे चाक जमिनीवरून उचलून धरा आणि सायकल किंचित कलती करा. हँडल स्वतःच्या वजनाने सहज वळले पाहिजे, अडकत असेल तर हेडसेट जास्त आवळला गेला आहे. शेवटी दोन्ही लिव्हर एकेक करून दाबा आणि कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा आहे ते पाहून ठेवा. देशोदेशी ही मांडणी उलटसुलट असते. घाईच्या क्षणी चुकीचा लिव्हर दाबला गेला की काय होते ते टप्पा ८ मध्ये कळेल.

## टप्पा २: जागा, बूट आणि अंगावरचे संरक्षण

जागा किमान आठ-दहा मीटर लांब आणि तितकीच रुंद, कोरडी आणि खरोखर सपाट असावी. डोळ्यांना सपाट वाटणारी बरीच जमीन पाणी वाहून जावे म्हणून किंचित उतरती केलेली असते. जमिनीवर एक चेंडू ठेवावा. तो स्वतःहून सरकला तर उतार आहे. उतारावर शिकलेला तोल दुसऱ्या जागी गेल्यावर खोटा ठरतो आणि माणूस दोष स्वतःला देत बसतो. गुळगुळीत सिमेंट काँक्रीट सर्वात चांगले, बारीक डांबरही चालते. सुट्या खडीचा एक खडाही पुढचे चाक जागेवर अडवू शकतो, म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी जागा झाडून घ्यावी.

बुटाचा तळ सपाट आणि पातळ असावा, कारण पेग तळपायाला जाणवला पाहिजे. धावण्याच्या जाड तळाच्या बुटात पाय पेगवर नेमका कुठे आहे ते कळत नाही. नाडीची टोके आत खोचावीत. पुढच्या चाकाजवळ पाय फिरवणाऱ्या माणसाची लोंबती नाडी आऱ्यांमध्ये गेली की काय होईल ते वेगळे सांगायला नको. हेल्मेट प्रत्येक वेळी घालावे. त्याखालोखाल नडगीसाठी गार्ड घ्यावेत, कारण पहिल्या दोन महिन्यांत डोक्यापेक्षा नडगीला आणि पोटरीला कितीतरी जास्त मार लागतो. त्यात पोटरीही झाकणारे गार्ड मिळाले तर तेच घ्यावेत, कारण पेडल मागूनही आपटते.

## टप्पा ३: आपली बाजू ठरवणे

पेगवर कोणता पाय जाईल आणि मोकळा कोणता राहील हे पहिल्याच दिवशी ठरवावे, नंतर ते बदलू नये. पेडल आडवे ठेवून सायकल सरळ सोडली की नकळत पुढे राहणारा पाय पाहावा, तसेच एका पायावर तीस सेकंद उभे राहून कोणता पाय जास्त स्थिर आहे तेही पाहावे. स्थिर पाय पेगवर जाईल, चपळ पाय मोकळा राहील. दोन्ही खुणा वेगवेगळ्या बाजू दाखवत असतील तर स्थिर पायाचे ऐकावे. पुढील मजकुरात पेगवर उजवा पाय धरला आहे, ज्यांचा डावा असेल त्यांनी बाजू उलटी वाचावी.

## टप्पा ४: उतरणे

या टप्प्याला एक पूर्ण दिवस द्यावा. तो कंटाळवाणा आहे, म्हणूनच जवळजवळ सगळे तो गाळतात.

चालण्याच्या वेगाने सायकल सोडावी, दोन्ही पेडल आडवे ठेवून उभे राहावे आणि मग डाव्या बाजूला उतरून सायकलबरोबर तीन-चार पावले चालावे. हँडल दोन्ही हातांत राहिले पाहिजे. दहा वेळा डावीकडे, दहा वेळा उजवीकडे. यानंतर सायकल उभी ठेवून मागचा ब्रेक दाबावा, मागच्या दोन्ही पेगवर उभे राहावे, पुढचे चाक थोडे उचलावे आणि मागे जमिनीवर दोन्ही पाय टेकून उतरावे. शेवटी उजवा पाय पुढच्या उजव्या पेगवर ठेवून, पुढचा ब्रेक दाबून, डावा पाय जमिनीवरून उचलावा आणि पुन्हा टेकवावा. पुढच्या चाकावरच्या सर्व ट्रिकांमध्ये सुटका याच मोकळ्या पायाने होते.

सावध: पडताना सायकल वाचवू नये. हँडल हातातून सोडता येत नसेल तर माणूस सायकलवर पडतो आणि बहुतेक वाईट जखमा त्यातून होतात. तोल गेलाच तर हात सरळ ताठ करून जमिनीवर टेकू नयेत. कोपर वाकलेले ठेवून खांद्याच्या बाजूने लोळावे.

तपासणी: पुढच्या टप्प्याला जाण्यापूर्वी न पाहता, कोणत्या बाजूला उतरू असा विचार न करता उतरता आले पाहिजे. कोणीतरी अचानक "उतर" म्हणावे आणि तुम्ही उतरावे, हा चांगला खेळ आहे.

## टप्पा ५: ब्रेक तोलाला काय करतो हे समजणे

सबंध फ्लॅटलँडमध्ये एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ही: सायकल पुढे जात असताना कोणत्याही चाकाचा ब्रेक दाबला की शरीराचा तोल चाकाच्या पुढे सरकतो. चाक थांबते, शरीर पुढे जात राहते. पुढच्या चाकावर उभे असताना ब्रेक दाबला तर मागचे चाक आणखी वर जाते. मागच्या चाकावर उभे असताना ब्रेक दाबला तर वर उचललेले पुढचे चाक खाली येते. दोन उलट परिणाम दिसतात, पण त्यांचे कारण एकच. सायकल मागे जात असेल तर हे सगळे उलटे होते.

याचीच दुसरी बाजू अशी की तोल पुढे ढळत असेल तर चाकाला पुढे पळू द्यावे लागते, मागे ढळत असेल तर चाक थांबवावे लागते. हातावर उभी काठी तोलणारा माणूस काठी कलेल त्या बाजूला हात नेतो, तसेच हे आहे.

याचा सराव जागच्या जागी होतो. दोन्ही पेडल आडवे ठेवून, हँडल थोडे वळवून, पुढचा ब्रेक किंचित दाबत-सोडत सायकल एकाच जागी उभी धरावी. सुरुवातीला दोन सेकंद जमेल, आठवड्यात दहा जमतील. नजर पुढच्या चाकावर खिळू नये, तीन-चार मीटर पुढच्या एका बिंदूवर असावी.

## परतलेल्यांसाठी

ज्यांनी दहा-वीस वर्षांपूर्वी हा खेळ खेळला आहे त्यांना पहिल्या दिवशी एक सुखद धक्का बसतो. हातांना सगळे आठवते. दुसऱ्या आठवड्यात दुसरा धक्का बसतो आणि तो मनगटाला किंवा घोट्याला असतो. हालचालीची आठवण लवकर जागी होते, स्नायूही काही आठवड्यांत बळ धरतात, पण कंडरा आणि सांध्यांभोवतीचे बंध भाराला सरावायला त्याहून बराच जास्त वेळ घेतात. मी स्वतः परतलो तेव्हा पहिल्याच रविवारी तीन तास खेळलो आणि पुढचे पाच आठवडे मनगटाला पट्टी बांधून बसलो, म्हणून हा भाग अधिकाराने लिहितो आहे. पहिले तीन आठवडे एका वेळी पाऊण तासाहून जास्त खेळू नये आणि दोन सरावांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. पाठीवरून फिरणाऱ्या किंवा उडी मारून परतायच्या जुन्या आवडत्या ट्रिका त्या काळात करूच नयेत.

माळ्यावरून काढलेल्या जुन्या सायकलीची पाहणी अधिक कडक हवी. ब्रेकचे रबर वर्षानुवर्षे पडून राहिले की दगडासारखे कठीण होते आणि रिमवर नुसते घसरते. केबल आतून गंजते. टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्यात शंभर पीएसआय हवा भरणे धोक्याचे आहे, ते बदलावेत. हँडलच्या आडव्या दांडीचे जोड, चिमट्याची ज्यांत आस बसतो ती टोके आणि हेडट्यूबजवळचे (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीजवळचे) जोड कापडाने पुसून उजेडात पाहावेत. रंगातली केसाएवढी रेष बहुधा रंगाचीच असते, पण नखाला ती लागली तर तो भाग वापरू नये.

## टप्पा ६: एंडो

एंडो म्हणजे पुढचा ब्रेक दाबून मागचे चाक उचलणे आणि क्षणभर पुढच्या चाकावर थांबणे. पुढच्या चाकावरची जवळजवळ प्रत्येक ट्रिक एंडोपासूनच सुरू होते, म्हणून इथे घाई करू नये.

१. चालण्याच्या वेगाने सरळ जावे. पेडल आडवे, गुडघे किंचित वाकलेले, एक बोट पुढच्या ब्रेकवर.

२. शरीर किंचित पुढे सरकवून ब्रेक क्रमाक्रमाने आवळावा. एकदम दाबू नये. लिंबू पिळताना हात जसा दाबतो तसे बोट दाबावे.

३. मागचे चाक उठू लागले की हात सरळ करावेत आणि कंबर मागे न्यावी. चाक जितके वर, तितकी कंबर मागे.

४. वरच्या बिंदूवर पोहोचल्यावर ब्रेक सोडावा, मागचे चाक खाली येईल. उतरताना गुडघे वाकवून ते हलके टेकवावे.

पहिल्या दिवशी मागचे चाक वीतभर उठले तरी पुरे. ब्रेक नसेल, तर पुढचे चाक फुटपाथच्या कडेला हळू आपटवून हाच सराव करता येतो, मात्र तोलाची सूक्ष्म जाणीव त्यातून कमी मिळते.

सर्वात मोठी चूक अशी होते की मागचे चाक वर जाऊ लागले की माणूस घाबरून कोपरे वाकवतो. कोपरे वाकली की छाती हँडलवर जाते, आणि छाती पुढे गेली की तोल आणखी पुढे जातो. म्हणून भीती वाटेल त्या क्षणी हात लांब करायचे आणि बोट सोडायचे, अशी सवय लावावी. तोल फारच पुढे गेला तर दोन्ही पाय पेडलवरून काढून बाजूंना टेकावेत. सायकल बुटकी असल्याने जमीन जवळच असते.

तपासणी: मागचे चाक गुडघ्याएवढ्या उंचीवर नेऊन, एक पूर्ण सेकंद थांबवून, सरळ रेषेत खाली आणता आले आणि असे पाचपैकी चार वेळा झाले, तर पुढे जावे. चाक दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर एक हात दुसऱ्यापेक्षा जास्त ढकलतो आहे.

## टप्पा ७: पायाने चाक रोखणे आणि ढकलणे

इथून ब्रेकचे काम पाय करू लागतो. मोकळा डावा पाय चिमट्याच्या मागच्या बाजूने, म्हणजे आपल्या बाजूने, पुढच्या टायरवर आडवा ठेवायचा. चाक पुढे फिरत असेल तर टायरचा वरचा भागही पुढे जात असतो, त्यामुळे तो बूट ओढून चिमट्यात अडकवतो आणि चाक थांबते. याला फूटजॅम म्हणतात.

अगदी हळू सायकल चालवत जावे. उजवा पाय पेडलवरच राहू द्यावा. डाव्या पायाचा चवडा टायरवर टेकवावा आणि बूट चिमट्याला लागेपर्यंत पुढे जाऊ द्यावा. चाक अडताच मागचे चाक उठते, तेव्हा एंडोसारखीच कंबर मागे न्यावी. उतरण्यासाठी डावा पाय टायरवरून उचलून मागे घ्यावा.

सावध: पाय टायरच्या माथ्यावरच हवा. तो खाली, बाजूला घसरला तर आऱ्यांमध्ये जाऊ शकतो. वेग चालण्याहून जास्त असेल तर फूटजॅम करूच नये. चाक इतक्या झटक्याने अडते की कंबर मागे न्यायला वेळच मिळत नाही.

फूटजॅम जमला की तोच पाय ढकलण्यासाठी वापरायचा. उजवा पाय पुढच्या उजव्या पेगवर ठेवावा, पुढचा ब्रेक दाबून मागचे चाक थोडे उचलावे, मग डावा पाय टायरवर जरा मागे ठेवून, ब्रेक सोडत, टायर थोडासा पुढे ढकलावा. चिमट्याला लागण्याआधी पाय उचलून पुन्हा मागे ठेवावा. प्रत्येक ढकलीत चाक वीतभर पुढे जाते आणि रबरावर बूट घासून चीं असा आवाज येतो, म्हणूनच या ट्रिकेला स्क्वीकर असे नाव पडले आहे. टप्पा ५ मधला नियम आता पायाला लागू होतो. तोल पुढे जातो असे वाटले की ढकल मोठी आणि लवकर द्यावी. तोल मागे जातो, म्हणजे मागचे चाक खाली येऊ लागते, तेव्हा पाय टायरवर दाबून चाक रोखावे.

बहुतेक जण इथे टायर ढकलण्यासाठी मांडीचा जोर लावतात आणि त्या झटक्याने सगळे शरीर डोलते. हालचाल घोट्यातून आणि गुडघ्याखालूनच व्हावी. वजन सगळे पेगवरच्या पायावर हवे. ढकलणाऱ्या पायावर वजन गेले की तो उचलताच येत नाही. तसेच पेगवर पायाचा मधला भाग न ठेवता चवड्याच्या मागचा भाग ठेवावा, म्हणजे घोटा वर-खाली होऊन बारीक तोल सांभाळतो.

या टप्प्याला तीन-चार आठवडे लागले तरी ते वाया गेले असे समजू नये. बिनब्रेकच्या खेळाची आणि पुढे शिकायच्या कितीतरी ट्रिकांची गुरुकिल्ली हा घासणारा पाय आहे.

तपासणी: ब्रेकला हात न लावता सलग पाच ढकला देता आल्या पाहिजेत, आणि पाचवीनंतर स्वतः ठरवून, घसरून नव्हे, डाव्या पायाने जमिनीवर उतरता आले पाहिजे.

## टप्पा ८: मागच्या चाकावर, पेग व्हीली

पेग व्हीली म्हणजे मागच्या पेगवर उभे राहून पुढचे चाक हवेत ठेवणे. पुढच्या चाकाचा कंटाळा आला की मधूनमधून हा टप्पा करावा. दोन्हींचा सराव एकाच महिन्यात चालला तर ब्रेकचा नियम अंगात लवकर मुरतो.

हळू चालवत असताना उजवा पाय पेडलवरून काढून मागच्या उजव्या पेगवर ठेवावा, मग डावा पाय डाव्या पेगवर. मागच्या ब्रेकवर बोट असावे. गुडघे वाकवून कंबर मागे आणि खाली सोडावी, हात सरळ राहू द्यावेत. पुढचे चाक हाताच्या जोराने न ओढता शरीराच्या वजनाने उठले पाहिजे. चाक जास्त वर गेले तर मागचा ब्रेक हलका दाबावा, म्हणजे ते खाली येते. जास्त खाली आले तर ब्रेक सोडून कंबर पुन्हा मागे सोडावी. नुसते दाबत-सोडत तरंगत राहणे हीच ही ट्रिक आहे.

टप्पा १ मध्ये कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा हे पाहायला सांगितले होते ते यासाठी. मागे झुकलेले असताना चुकून हवेतल्या पुढच्या चाकाचा ब्रेक दाबला तर काहीच होत नाही आणि माणूस सरळ पाठीवर जातो. मागे जातो आहोत असे वाटले तर पेगवरून दोन्ही पाय मागे टेकून उभे राहावे, सायकल हँडलला धरलेली राहील. टप्पा ४ मध्ये केलेला सराव तो हाच.

सावध: प्रत्येक सरावापूर्वी, सायकल ढकलत नेऊन मागचा ब्रेक लागतो की नाही हे पाहावे. ओल्या रिमवर हा टप्पा करू नये.

## टप्पा ९: हँग-फाइव्ह

हँग-फाइव्ह म्हणजे पुढच्या एका पेगवर उभे राहून, मागचे चाक हवेत ठेवत पुढे जाणे. ज्या ट्रिकेपासून सगळे सुरुवात करतात ती इथे नवव्या क्रमांकावर आली आहे. एंडो, फूटजॅम आणि स्क्वीकर झाल्यावर तिच्यात नवीन फार थोडे उरते: वेग आणि पायाचा झोका.

१. चालण्याहून थोड्या जास्त वेगाने, हळू धावल्यासारख्या गतीने सरळ जावे. हळू गेल्यास सोपे पडेल असे वाटते, पण फिरते चाक स्वतःच तोल धरायला मदत करते, म्हणून अती हळू जाणे अवघडच आहे.

२. उजवा पाय पुढच्या उजव्या पेगवर ठेवावा. पेडल आडवे असावे, नाहीतर क्रँक (पेडलची दांडी) टाचेला लागते. हा बदल करताना पुष्कळांचे हँडल वळते. त्यासाठी आधी दिवसभर नुसते पेगवर एक पाय ठेवून सरळ जाण्याचा सराव करावा.

३. वजन उजव्या पायावर नेत डावा पाय पेडलवरून काढावा आणि पुढे झुलवावा. त्याच वेळी पुढचा ब्रेक अगदी हलका, जणू बोटाने टिचकी मारावी तसा, स्पर्शून सोडावा. मागचे चाक उठते.

४. हात लांब, कंबर मागे, नजर चार-पाच मीटर पुढे. डावा पाय मोकळा लोंबकळत ठेवून त्याच्या हालचालीने बारीक तोल सांभाळावा. मागचे चाक खाली येऊ लागले तर ब्रेकचा पुन्हा एक स्पर्श, वर जाऊ लागले तर कंबर आणखी मागे.

५. उतरायला डावा पाय जमिनीवर, पुढे चालत. मागचे चाक हलके टेकवून दोन्ही पाय पेडलवर परत आणणे ही पुढची पायरी आहे, पहिल्या दिवसाची नाही.

उजव्या पेगवर उभे राहिले की शरीर सायकलच्या उजवीकडे येते, त्यामुळे सायकल थोडी डावीकडे कललेली असली तरच वजन टायरच्या रेषेवर राहते. सायकल सरळ उभी धरायचा हट्ट केला तर प्रत्येक वेळी उजवीकडे पडायला होते. पडण्याची बाजू सतत एकच असेल तर हे कारण आधी तपासावे.

दुसरी नेहमीची चूक ब्रेक धरून ठेवण्याची. धरलेल्या ब्रेकवर ही ट्रिक एंडोच होते आणि थांबते. ब्रेकचा उपयोग फक्त चाक उठवायला आणि दुरुस्तीला करायचा. तिसरी चूक मोकळ्या पायाची. तो भीतीने पेडलजवळच घुटमळतो, वजन मागे ओढतो आणि मागचे चाक उठतच नाही.

तपासणी: मोबाइल जमिनीलगत, चाकाच्या आसाच्या उंचीवर, बाजूने ठेवून चित्रण करावे. वरून किंवा समोरून घेतलेल्या चित्रणात कंबर किती मागे आहे ते कळत नाही. तीन मीटर अंतर पाचपैकी तीन वेळा पार झाले तर ट्रिक आपली झाली असे समजावे.

## टप्पा १०: ट्रिका जोडणे

एकेक ट्रिक वेगळी सुटी जमणे आणि एकातून दुसरीत जाणे यांत मोठे अंतर आहे. सुरुवातीला दोनच जोडाव्यात. हँग-फाइव्हमधून वेग कमी होऊ द्यावा, मोकळा पाय टायरवर आणून स्क्वीकरच्या दोन ढकला द्याव्यात आणि पाय जमिनीवर टेकावा. हे जमले की शेवटी जमिनीऐवजी पाय पेडलवर परत आणावेत. जोडणी नेहमी त्या ट्रिकमधल्या सर्वात संथ क्षणी करावी. घाईत पाय बदलला तर पहिल्या ट्रिकमधला तोल दुसरीत बिघडलेलाच पोहोचतो.

सरावाची मांडणी अशी ठेवावी की आठवड्यातून तीन वेळा, एका वेळी पाऊण ते एक तास. सुरुवातीची दहा मिनिटे उतरणे आणि एंडो, कितीही प्रगती झाली तरी. मग एका ट्रिकेचे दहा-पंधरा प्रयत्न, त्यानंतर दुसरी. सलग पन्नास वेळा एकच ट्रिक केली तर थकलेले शरीर चूकच पक्की करते. मधल्या विश्रांतीत सॉकेट काढून चारही पेगचे नट आवळावेत, पुढच्या चाकाचे आरे बोटांनी जोडीजोडीने दाबून पाहावेत आणि एखादा सैल लागला तर त्या दिवशी पुढच्या चाकावरच्या ट्रिका थांबवून पेग व्हीलीचा सराव करावा.